गावाला विचारायचे ते काय आणि केव्हा?

दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामपंचायतींचे विकास आराखडे तयार होऊ लागतात आणि त्याबरोबर एक जुना वादही नव्याने सुरू होतो. एका बाजूचे म्हणणे असे, की लोकांना विचारण्यात फारसा अर्थ नाही. विचारले, की ते रस्ता मागतात, बंदिस्त गटार मागतात, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा आणि मंदिरापुढचा सभामंडप मागतात. बाळंतिणींचा ॲनिमिया, मुलींची शाळागळती, दारू, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांची आबाळ यांपैकी काहीही त्या यादीत येत नाही, तेव्हा गावाच्या स्वास्थ्याचे नियोजन जाणकारांनीच करावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ग्रामसभा सर्वोच्च आहे, तिने ठरवले ते योग्य आणि त्यात बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. मला हे दोन्ही पक्ष चुकीच्या जागी उभे राहून भांडताना दिसतात, कारण लोकांना विचारणे म्हणजे त्यांच्याकडून मागण्यांची यादी गोळा करणे हे गृहीत दोघांनीही धरलेले आहे. माझे म्हणणे असे आहे, की आपल्याकडे लोकसहभाग फसतो तो लोकांच्या अज्ञानामुळे नाही. लोकांना चुकीचा प्रश्न विचारला जातो, तोही उशिरा विचारला जातो, आणि त्यांनी दिलेल्या उत्तराचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी सांगत नाही. या तीन गोष्टी बदलल्याशिवाय आराखडा तज्ज्ञांनी लिहिला काय किंवा ग्रामसभेने लिहिला काय, गावकऱ्यांच्या जगण्यात फारसा फरक पडणार नाही.

कागदावर आपली पद्धत वाईट नाही. २०१५-१६ पासून राबवल्या गेलेल्या 'आमचं गाव आमचा विकास' या उपक्रमात गावफेरी, शिवारफेरी, महिला सभा, बालसभा आणि वंचित घटकांच्या बैठका यांची तरतूद आहे. आशा, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक, बचत गटांच्या महिला अशा सर्वांनी एकत्र बसून गावाची परिस्थिती समजून घ्यावी आणि मगच आराखड्याला हात घालावा, अशी कल्पना आहे. प्रत्यक्षात पोर्टलवर आराखडा भरण्याची मुदत जवळ येते, घाईने सभा बोलावली जाते आणि गणपूर्तीअभावी ती तहकूब होते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती कायद्याने मागितली आहे. पण तहकूब झालेल्या सभेला ती अट लागत नाही. मग पंचवीस-तीस माणसांसमोर यादी वाचली जाते आणि मंजूर होते. या सभेत विचारला जाणारा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : यंदा कोणते काम घ्यायचे? सरकारी मराठीत 'काम' या शब्दाचा अर्थ फार आकसला आहे. काम म्हणजे बांधकाम, ज्याचे अंदाजपत्रक निघते, ज्याला ठेकेदार मिळतो आणि ज्यावर पाटी लावता येते. असा प्रश्न विचारल्यावर गटार हेच उत्तर येणार, यात आश्चर्य कसले?

शहरातही हेच घडले. पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्यास सुरुवात केली. देशातल्या शहरांमध्ये हा प्रयोग फार लवकरचा होता आणि त्याचे श्रेय पुण्याला दिलेच पाहिजे. परंतु अर्ज कामासाठीच होता आणि कामाच्या खर्चाला मर्यादा होती, त्यामुळे सूचना आल्या त्या मुख्यतः पदपथ, रस्त्यांची डागडुजी, दिवे अशा स्वरूपाच्या. यावरून पुणेकरांना आरोग्याची किंवा एकोप्याची फिकीर नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे उपाहारगृहाचे पत्रक वाचून गावाची भूक मोजण्यासारखे आहे.

प्रश्न बदलला की उत्तर कसे बदलते, याची महाराष्ट्रातच उत्तम उदाहरणे आहेत. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले ते वैद्यकीय काम करण्यासाठी; पण गावकऱ्यांशी बोलल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की लोकांच्या दृष्टीने पहिली गरज औषधाची नव्हती, पाण्याची आणि अन्नाची होती. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आरोळे दाम्पत्याने लोकांचा क्रम मानला, विहिरी आणि अन्न यांना आरोग्याच्याच कामात जागा दिली आणि गावातल्या अल्पशिक्षित, काही तर अक्षरशत्रू, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. 'तुम्हाला कोणती औषधे हवीत?' असा अर्ज घेऊन ते फिरले असते तर लोकांनी इंजेक्शने मागितली असती आणि जाणकारांनी त्यावर मान हलवली असती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना दवाखान्याबद्दल विचारले तेव्हा कळले, की मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची, नातेवाइकांना दूर ठेवणाऱ्या वॉर्डांची लोकांना भीती वाटते. म्हणून त्यांच्या संस्थेच्या आवारातला, शोधग्राममधला, दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांच्या रचनेत उभा राहिला आणि त्याला लोकांच्या देवीचे, मा दंतेश्वरीचे, नाव मिळाले. कोणत्याही वास्तुविशारदाच्या आराखड्यात ही माहिती आपोआप आली असती काय?

आता समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. काही दुखणी अशी असतात, की ती सोसणाऱ्यालाच दिसत नाहीत. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते पाणी चवीला खटकत नाही, गढूळ दिसत नाही आणि दात पिवळे पडणे किंवा सांधे आखडणे हे लोक नशिबाच्या खात्यावर टाकतात. पिढ्यान्‌पिढ्या थकवा घेऊन जगणाऱ्या बाईला आपल्या रक्तात लोह कमी आहे हे कसे कळावे? ज्याची जाणीवच नाही ते मागितले जात नाही, आणि अशा ठिकाणी तपासणी करणाऱ्याची, आकडे वाचू शकणाऱ्याची गरज निर्विवाद आहे. जे लोकसहभागाच्या नावाने तज्ज्ञांना गावाबाहेर उभे करतात ते गावाचे नुकसान करतात, हे मला मान्य आहे.

पण या मान्यतेतून जाणकारांनी ठरवावे आणि लोकांनी पाळावे हा निष्कर्ष निघत नाही, आणि तो काढणाऱ्यांनी १८९७ चे पुणे आठवावे. प्लेगच्या साथीत वॉल्टर रँड यांच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरे तपासली, माणसांना विलगीकरणासाठी नेले, सामान बाहेर काढून जाळले. हेतू रोग थांबवण्याचा होता आणि त्यामागे त्या काळातले वैद्यकशास्त्रही होते. परंतु उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवले ते १८९८ मध्ये, आणि तेही मान्य होण्यास पुढे कित्येक वर्षे गेली. म्हणजे पुण्यात बळजोरी करणाऱ्यांच्या हाती जे शास्त्र होते ते अर्धेच होते. उलट, उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हा अनुभवातून आलेला शहाणपणा गावोगावच्या लोकांनी आपलासा केला. पुण्यातल्या सक्तीचा परिणाम म्हणून लोक रुग्ण लपवू लागले, संताप साचत गेला आणि जून महिन्यात रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या काही वर्षांत सरकारनेच हळूहळू सक्ती सैल केली. त्याच साथीत, त्याच पुण्याच्या परिसरात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना चालवला. लोक तिथे विश्वासाने आले, आणि रुग्णसेवा करता करताच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा अंत झाला. रोग एकच आणि शहरही एकच. फरक होता तो लोकांच्या दारात कोण, कोणत्या नात्याने उभे राहते याचा. आरोग्याच्या नियोजनात विश्वास ही नंतर शिंपडायची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांना याहून जवळचा आणि याहून महाग धडा कोणता द्यावा?

तज्ज्ञांचा नकाशाही लोकांवाचून कसा चुकतो याचे अलीकडचे उदाहरण मुंबईचे आहे. २०१४ ते २०३४ या काळासाठीच्या मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले गेले होते, वारसावास्तूंची नोंद चुकली होती, अस्तित्वात असलेल्या सोयींच्या जागी भलतीच आरक्षणे पडली होती. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. हे सगळे तपासून सुधारण्यात तीन वर्षे गेली. त्या चुका ज्यांनी दाखवल्या ते नगररचनेचे पदवीधर होते असे नाही. ते त्या गल्लीत राहत होते. 'हरकती व सूचना' ही आपली पद्धत लोकांना शेवटी विचारते, आणि शेवटी विचारलेला माणूस केवळ हरकतच घेऊ शकतो. सूचना करण्याची वेळ तोवर टळलेली असते.

ज्ञान आणि निर्णय यांची सांगड कशी घालावी, याचे मला सर्वांत समाधानकारक वाटलेले उत्तर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने दिले आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा पुष्कळांना ठाऊक असते. पण घोषणेमागची यंत्रणा कमी लोकांना ठाऊक असते. तिथे अभ्यासगट आहेत. जंगल, कायदा, शेती, आरोग्य असा विषय घेऊन गावकरी बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, त्याला खोदून विचारतात आणि चर्चा होऊ देतात. निर्णय मात्र त्या बैठकीत होत नाही. तो ग्रामसभेत, सर्वसहमतीने होतो, आणि एखाद्याचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. याच गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे तज्ज्ञ पाहुणा आहे, त्याचा मान आहे, त्याचे ऐकले जाते, आणि घर गावाचे आहे. केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत हेच वेगळ्या रीतीने, राज्यभर केले : नियोजन निधीचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे दिला आणि त्यांच्या मदतीला निवृत्त अभियंते, डॉक्टर, शिक्षक यांची स्वयंसेवी तांत्रिक दले उभी केली. आपल्या प्रत्येक तालुक्यात अशी निवृत्त माणसे आहेत. त्यांना सकाळच्या फिरण्यापलीकडे गावासाठी काही करायची इच्छा असते, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. त्यांना कोणी बोलावत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मांडणारा माणूस कोण होता हे विसरून चालणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवाची कठोर चिकित्सा केली. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. 'गावाला विचारा' असे म्हणताना गाव म्हणजे कोण? सभेत पुढच्या खुर्च्यांवर कोण बसते, दाराशी कोण उभे राहते आणि घरी कोण राहते? चावडीवर सभा भरते आणि वस्तीवरचा माणूस तिथे बोलत नाही, कारण उद्या त्याला त्याच माणसांच्या शेतात मजुरीला जायचे असते. महिला सभा दुपारी चारला ठेवली तर खुरपणीला गेलेली बाई येऊच शकत नाही, आणि जी येते ती घरच्या कारभाऱ्याने सांगितलेले बोलून जाते. ग्रामसभेचे सर्वोच्चपण सांगणाऱ्यांनी याचे उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर त्यांच्याकडे बहुधा नसते.

माझे उत्तर असे, की बाबासाहेबांच्या टीकेतून लोकांना न विचारण्याचे समर्थन निघत नाही, तर कसे विचारावे याच्या अटी निघतात. व्यक्तीचे हक्क आणि संरक्षण यांच्या चौकटीत राहूनच गावाने निर्णय घ्यावा, ही पहिली अट. सदस्यत्व आणि सरपंचपदासाठी ७३ व्या घटनादुरुस्तीने आरक्षण आणले ते याच दिशेने. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखालचे महाराष्ट्राचे २०१४ चे नियम पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवण्याची आणि स्वतःची ग्रामसभा भरवण्याची वाट मोकळी करतात. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या वस्त्यांसाठी अशी सोय का नसावी? वस्तीवर, वस्तीच्या वेळेला, रात्री जेवणानंतर बैठक घेतली तर वेगळी माणसे बोलतात आणि वेगळे बोलतात. शिवाय जातीच्या वर्चस्वाचा आक्षेप तज्ज्ञांच्या नियोजनालाही तितकाच लागू आहे. पाण्याची टाकी कोणत्या आळीत बसली आणि शेवटचा नळ कोणत्या वस्तीत कोरडा राहिला, हे पाहिले तर कार्यालयात बसून केलेले आराखडे जातीच्या पलीकडचे होते असे कोण म्हणेल?

तिसरा आक्षेप पैशाचा आणि अधिकारांचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शाळा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत, पोलीस ठाणे राज्याचे. मग ग्रामपंचायतीने स्वास्थ्याचे नियोजन कशाच्या जोरावर करावे? यातले तथ्य मी मान्य करतो आणि केरळसारखा मोकळा निधी महाराष्ट्रातही खाली आला पाहिजे, असे मला ठाम वाटते. पण स्वास्थ्याच्या कितीतरी गोष्टी पैशाच्या नाहीतच. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे आपल्या गावात बंद. करोनाने अनेक तरुण स्त्रियांवर वैधव्य आणले होते आणि गावाने ते पाहिले होते. या ठरावाला एक रुपयाही लागला नाही. काही दिवसांतच राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. लोक केवळ गटारे मागतात, असे म्हणणाऱ्यांनी हेरवाडचे काय करायचे ते सांगावे. आणि हे काही नवेही नाही. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांमुळे कुटुंबे उद्ध्वस्त होतात, हे नगरपालिकेपुढे लेखी मांडले, आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताच्या थाटावर खर्च करण्याऐवजी तो पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे सुचवले. दिवाबत्ती आणि झाडलोट यांपलीकडे नगरपालिकेचे काही कर्तव्य आहे, हे त्यांना दिसत होते. आज गावातल्या स्त्रिया उभी बाटली-आडवी बाटलीचे मतदान मागून दारूचे दुकान बंद करतात तेव्हा त्या तोच धागा पुढे नेत असतात. आराखड्यात मात्र त्या मतदानाला रकाना नसतो.

भागीदारांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. संस्था, बँका, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हे सारे गावाला हवेच आहेत. परंतु निधी देणाऱ्याचा कार्यक्रम आधी ठरलेला असतो आणि गाव त्यात बसवले जाते, हे वारंवार घडते. वाचनालयाची इमारत येते, पुस्तके सांभाळणारा माणूस येत नाही. पाणी शुद्ध करणारे यंत्र येते, गाळणी बदलायचा खर्च येत नाही. गावाची आपली निकड आधी लिहिलेली असेल तरच बाहेरच्या भागीदाराला 'हे नको, ते द्या' असे सांगता येते. सर्वांत जवळच्या भागीदारांकडे तर आपले लक्षच नाही. कोणत्या घरात बाळाचे वजन वाढत नाही, कोणत्या सुनेला माहेरी पाठवले आहे, कोणता म्हातारा गोळ्या अर्ध्या करून खातो, हे आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना माहीत असते. आराखड्याच्या सभेत त्यांना सही करायला बोलावतात.

उरतो तो हिशेबाचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी उणीव तिथेच आहे. २००७ पासून महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावच्या समित्यांनी सेवांची प्रगतिपत्रके भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचली. डॉक्टर हजर नव्हते, औषध बाहेरून आणावे लागले, पैसे मागितले गेले, हे लोकांनी तोंडावर सांगितले आणि अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावे लागले. लोकांना ज्ञान नाही म्हणणाऱ्यांनी एखादी जनसुनवाई बसून ऐकावी. शहरांनी तर हिशेब विचारण्याची जागाच गमावली होती : २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई-पुण्यासारख्या महानगरपालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. तेवढ्या काळात वॉर्डातल्या माणसाने आपले गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे होते?

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती शासनाच्या एका परिपत्रकात बसते. आराखड्याच्या ग्रामसभेचा पहिला विषय गेल्या वर्षीच्या आराखड्याचे वाचन हा असावा : कोणती गोष्ट झाली, कोणती झाली नाही, का झाली नाही, पैसा कुठे आहे. त्यानंतर वस्तीवस्तीवरच्या बैठकांत लोकांनी काय सांगितले ते, आशाताईंनी आणि अंगणवाडीताईंनी स्वतः उभे राहून वाचावे. 'यंदा कोणते काम घ्यायचे?' हा प्रश्न या दोन्हींनंतर विचारला जावा, आणि महिला सभेची वेळ गावातल्या मजुरी करणाऱ्या बायकांना विचारून ठरवावी, मग ती रात्री नऊची का असेना.